नागपुरात कमी खर्चात, रोज थोडं नवल वाटेल असा विरंगुळा कोणता?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नागपुरात येऊन सहा महिने झाले, एकटे राहता, शनिवार-रविवारी मॉल आणि सिनेमात हजार-दीड हजार उडतात आणि सोमवारी सकाळी आपण काय केलं ते धड आठवतही नाही. खर्च नको, पण रोज काहीतरी छोटंसं अनपेक्षित घडावं, असं तुमचं म्हणणं.

मीही या वाटेने गेले आहे. एका क्लासला तीन महिन्यांचे पैसे भरून रांगोळीसारखी दिसणारी चित्रं काढायला शिकले. पहिल्याच दिवशी बाईंनी शेवटच्या दिवशीचं चित्र दाखवलं, आणि शेवटच्या दिवशी खरंच तेच काढलं. तेव्हा लक्षात आलं की पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीत काय मिळणार हे बहुतेक आधीच ठरलेलं असतं. नवल हवं असेल तर जे आपल्या हातात नाही अशा कशाची तरी वाट बघायला बसावं लागतं. मोबाइलवर बोट सरकवत बसलं की वाट बघावी लागत नाही, म्हणूनच की काय, तासाभराने डोळे दुखतात आणि आठवत काहीच नाही.

मी इंदोऱ्याकडे राहते आणि ऑफिस सिव्हिल लाइन्सला. त्यामुळे रोज गड्डीगोदामच्या पुलाखालून जाणं होतं. तुम्ही अजून ती जागा नीट बघितली नसेल तर बघा. खाली आपला रस्ता, त्याच्यावर रेल्वेचे रूळ, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. चार मजली वाहतूक. माझ्या भाच्याने त्याचा खेळ केला. चारही मजल्यांवर एकाच वेळी काहीतरी धावताना दिसलं की 'चौका'. रस्ता कधी रिकामा नसतो, उड्डाणपुलावरही काही ना काही असतंच, म्हणजे खरी गोम रेल्वे आणि मेट्रो एकत्र येण्यात आहे. मेट्रो क्षणात निघून जाते, एक्सप्रेसही फार वेळ देत नाही. म्हणून आशा ठेवायची ती कोळशाच्या मालगाडीवर. तिला बहुतेक वेळा 58-59 डबे असतात आणि सिग्नलजवळ ती अशी रेंगाळते की मेट्रोला यायला भरपूर वेळ मिळतो. डबे मोजायची पैजही लावता येते, फक्त कुणी मध्येच बोलायचं नाही. पुलाच्या अगदी खाली उभं राहून काही दिसत नाही, नुसता आवाज येतो. थोडं मागे सरकून, चहाच्या टपरीपाशी उभं राहायचं. पहिल्यांदा मी स्कूटी बाजूला लावून वर बघत उभी होते तर एक जण थांबून म्हणाला, "काऊन मॅडम, गाडी बंद पडली का?" मी खरं कारण सांगितलं. तोही पाच मिनिटं वर बघत थांबला. त्या दिवशी चौका काही झाला नाही, पण जाताना त्याने "उद्या बघू" म्हटलं, तेवढ्याने मला दिवसभर पुरलं. भाच्याच्या वहीत आठ महिन्यांत अकरा चौके आहेत. त्यातले दोन मला जरा संशयास्पद वाटतात.

दुसरी गोष्ट घरातच करायची आणि तिला खर्च शून्य. पावडरच्या डबीतला छोटा आरसा घ्या. एका जाड कागदाला पाचेक मिलिमीटरचं भोक पाडा, आणि मुद्दाम त्रिकोणी पाडा. तो कागद आरशावर चिकटवा. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना आरसा बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून त्याचा कवडसा घरातल्या लांबच्या, अंधाऱ्या भिंतीवर पाडा. आरशासमोर तळहात धरला तर कवडसा त्रिकोणी दिसतो. हात मागे नेत नेत जा, त्रिकोणाचे कोपरे हळूहळू झिजतात आणि भिंतीपर्यंत पोचता पोचता चक्क गोल होतो. तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र. अंतराच्या साधारण एकशे आठव्या भागाएवढा त्याचा व्यास असतो. आमच्याकडे बाल्कनीपासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत सलग आठ मीटर मिळतात, म्हणून आमचा सूर्य साडेसात सेंटिमीटरचा, आमटीच्या वाटीएवढा. आरशात किंवा थेट सूर्याकडे मात्र बघायचं नाही, फक्त भिंतीकडे. पेन्सिलीने त्या गोलाची कड आखून ठेवा आणि चहा घेऊन या. दोन मिनिटांत गोल स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला असतो. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं, भिंतीवर ती फिरताना वयाच्या चाळिशीत बघितली. ढग सरकला की गोलावरून धूर गेल्यासारखा दिसतो, आणि एकदा बाहेरून घार गेली असावी, गोलाने चक्क डोळा मिचकावला.

2022 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, 25 ऑक्टोबरला, संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. आमची बाल्कनी पश्चिमेला. सूर्य मावळायच्या आधी भिंतीवरच्या वाटीची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. सासूबाई वेध पाळत आत जप करत बसल्या होत्या. ग्रहण बघायचं नसतं, पण भिंतीवर पडलेलं बघितलं तर चालतं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि माळ हातात घेऊनच येऊन उभ्या राहिल्या.

उन्हाचाच आणखी एक खेळ आहे, पण त्याला वर्षातून दोनच मुहूर्त. 26 मेच्या आसपास नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. बाराला नाही, साधारण बारा वाजून दहा मिनिटांनी, कारण आपलं घड्याळ ज्या रेखांशावर चालतं त्याच्या आपण पश्चिमेला आहोत. नेमका नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झालेला असतो, गच्चीची फरशी पाय ठेवू देत नाही. तरी डोक्याला दुपट्टा बांधून, सरळ उभ्या भिंतींचा स्टीलचा डबा घेऊन दहा मिनिटं जाऊन या. डब्याची सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली शिरते आणि डबा फरशीवर नुसता चिकटवल्यासारखा दिसतो. 17 जुलैच्या सुमाराला पुन्हा तोच योग येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मुंबईत हा दिवस मेच्या मध्यावर येतो. दिल्लीकरांच्या नशिबी तो कधीच नाही, याचा मला उगाचच आनंद होतो.

झिरो माईलचा खांब तुम्हाला सगळेच सांगतील. 1907 चा आहे, गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत, हैदराबाद 318 मैल वगैरे. एकदा बघून घ्या. दुसऱ्यांदा जाण्यात मला तरी काही गंमत वाटली नाही, खांबाजवळचे घोड्यांचे पुतळे तेच असतात.

तर्री पोह्यांचं मात्र वेगळं. एकाच ठेल्याचे भक्त होऊ नका. दर शनिवारी नवा ठेला, एवढाच नियम ठेवा. 20-30 रुपयांत भागतं आणि प्रत्येकाची हरभऱ्याची तर्री निराळी असते. "अजून मारू का तर्री?" असं विचारल्यावर पहिल्या खेपेला नाही म्हणा, नंतर तुमचं तुम्ही बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या बाहुल्यांची मिरवणूक, निघते. 1880 च्या दशकापासूनची प्रथा आहे. त्याबरोबरचे बडगे, म्हणजे लोकांचा राग असलेल्या गोष्टींचे आणि माणसांचे पुतळे, यंदा कुणाकुणावर निघणार हे आदल्या आठवड्यात अंदाज करून कागदावर लिहून ठेवायचं. माझे पाचातले दोन बरोबर येतात. एकदा आमच्या ऑफिसातल्या साहेबांचं नाव लिहिलं होतं, तेवढं काही निघालं नाही.

आणि सीताबर्डीला जुनी पुस्तकं विकायला बसतात तिथे जात जा. वाचायला म्हणून नाही, आतलं शोधायला. जुन्या पुस्तकांत लोक काय काय विसरतात! बसची तिकिटं, पिंपळाचं पान, लग्नपत्रिकेचा अर्धा तुकडा, एकदा तर पाच रुपयांची नोट. मी 30 रुपयांना गृहशास्त्राचं एक जुनं क्रमिक पुस्तक घेतलं होतं. त्यात शिवणकामाच्या धड्यात चौघडी केलेली चिठ्ठी निघाली. निळ्या शाईत, बाईचं अक्षर असावं: "गहू दळून आणणे. सांबार (म्हणजे कोथिंबीर). पांढरी बटणं 6. धोब्याला निळ्या चादरीचं विचारणे." आणि खाली, दुसऱ्याच अक्षरात, पेन्सिलीने: "चादर मिळाली. रागावू नको."

त्या चार शब्दांवर मी आणि माझी मैत्रीण एका डब्याच्या सुट्टीत भांडलो. तिच्या मते चादर त्यानेच हरवली होती आणि बिचारा धोबी फुकट बोलणी खाऊन गेला. माझ्या मते चादर मिळालीच नव्हती, नवी आणली होती. पुढच्या रविवारी त्याच गठ्ठ्यातलं आणखी काही मिळतंय का बघायला गेले, तर पुस्तकवाला म्हणाला, "तो माल रद्दीतला होता ताई, संपला." चिठ्ठी मी शिवणकामाच्या धड्यातच परत ठेवली आहे.

तुम्ही गेलात तर किंमत ठरल्यानंतर पानं झटका, आणि तेही जरा बाजूला जाऊन. समोर झटकलीत तर पुस्तकवाला चिठ्ठी आधी स्वतः वाचतो.