'डिस्कस अबाउट' की 'डिस्कस ऑन'?

प्रश्न असा आला आहे: अहवालात 'डिस्कस अबाउट' लिहावं की 'डिस्कस ऑन'? आणि व्याकरण तपासूनसुद्धा आपली इंग्रजी वाक्यं अवघडल्यासारखी का वाटतात?

दोन्ही नको. 'वुई डिस्कस्ड द डिले', बास. विषय थेट क्रियापदाला लागतो. चर्चा ज्यांच्याशी झाली त्यांच्यासाठी 'विथ' चालतो, दिवसासाठी 'ऑन' चालतो: 'वुई डिस्कस्ड द डिले विथ द टीम ऑन मंडे'. विषयाच्या आधी काहीही नाही.

हा 'अबाउट' बैठकीच्या इतिवृत्तांपासून पीएचडीच्या प्रबंधांपर्यंत सगळीकडे घुसलाय हे खरं. पण त्याच्यापेक्षा जास्त डोकं उठतं ते त्याच्यावर दिल्या जाणाऱ्या स्पष्टीकरणानं. 'डिस्कस म्हणजेच टॉक अबाउट, म्हणून डिस्कस अबाउट म्हणजे टॉक अबाउट अबाउट!' ऐकायला चटकदार, आणि साफ चुकीचं. 'ॲडहिअर टू' घ्या. त्यातल्या लॅटिन 'आद'चा अर्थच 'कडे, ला'. 'कोलॅबोरेट विथ'मधला 'को' म्हणजे 'सह'. 'ॲबस्टेन फ्रॉम'मधला 'आब्स' म्हणजे 'पासून'. वरचा नियम खरा असता तर ही तिन्ही रूपं बाद व्हायला हवी होती. उलट यांच्यातलं प्रिपोझिशन ('टू', 'विथ', 'फ्रॉम') काढलं तरच वाक्य मोडतं. शिवाय फ्रेंच लोक 'दिस्क्यूते द' म्हणजे 'विषयी चर्चणे' असं खुशाल म्हणतात, जर्मनही 'यूबर' लावून चर्चा करतात. त्यांची तर्कबुद्धी बिघडलेली नाही. 'डिस्कस अबाउट'ला 'इंडियनिझम' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीही जरा सिंगापूर-नायजेरियाकडे पाहावं. तिथेही तो ऐकू येतो. तेव्हा 'अबाउट' तर्कदुष्ट वगैरे काही नाही. प्रमाण इंग्रजीनं तो घेतला नाही, इतकंच.

का घेतला नाही, याचा धागा मात्र शब्दाच्या मुळात सापडतो. लॅटिन 'क्वातेरे' म्हणजे हलवणे, हादरवणे. त्याला 'दिस', म्हणजे 'वेगवेगळं', हा उपसर्ग लागून झालं 'दिस्कुतेरे': हादरवून सुटं करणे, विस्कटणे. पुढे त्याचा अर्थ 'नीट तपासणे' असा झाला, आणि 14व्या शतकात शब्द इंग्रजीत आला तो याच, तपासण्याच्या अर्थानं. गप्पांशी त्याचा सुरुवातीला काही संबंध नव्हता. जुन्या वैद्यकात तर सूज किंवा गाठ विरवणाऱ्या औषधाला 'डिस्क्युशंट' म्हणत. गाठ 'डिस्कस' व्हायची, म्हणजे विरून जायची! आता सांगा, गाठ विरवायची की गाठीविषयी विरवायचं? हलवायची असते ती वस्तू, आणि हलवण्याचं कर्म थेट असतं. लॅटिनमध्ये ते थेट होतं, इंग्रजीनं तसंच ठेवलं.

याच 'क्वातेरे'ची बाकीची पोरं बघण्यासारखी आहेत. 'पर्कशन' म्हणजे ठोकणं, म्हणून तबला-ढोलकी त्या वर्गात. 'कन्कशन' म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. 'रेस्क्यू'सुद्धा यातलाच: 'एक्सकुतेरे' म्हणजे झटकून बाहेर काढणे, ते जुन्या फ्रेंचमार्गे 'रे' लावून इंग्रजीत आलं. म्हणजे सुटका करणे हे मुळात झटकून सोडवणे. 'स्क्वॉश' म्हणजे चेंगरणे, तोही याच घरातला, आणि त्या खेळाला नाव पडलं ते चेपल्या जाणाऱ्या मऊ चेंडूवरून. (भोपळ्याचा 'स्क्वॉश' वेगळा. तो अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या नॅरागॅन्सेट भाषेतून आला. दोघांची मोट बांधू नये.)

आणि आपली 'चर्चा'? संस्कृतात तिचे अर्थ दोन: वेदपठणात पद पुन्हा म्हणणे, विचार करणे हा एक, आणि अंगाला उटी लावणे हा दुसरा. 'चंदनचर्चित' त्यातूनच. तिकडे हादरवून सुटं करायचं, इकडे चोळून मुरवायचं.

आता व्युत्पत्ती म्हणजे व्याकरण नव्हे हे कबूल. पण 'अबाउट' येतो कुठून, याचं उत्तर माझ्या मते या 'चर्चे'तच आहे. मराठीत 'चर्चा करणे' हे नाम अधिक क्रियापद असं जोडकाम आहे. 'विषयावर', 'विषयाबद्दल' हे चर्चा या नामाला लागतं, 'करणे'ला नाही. मराठीतलंच सुटं क्रियापद वापरून बघा: 'मुद्दा चर्चिला गेला'. गेला की 'वर' गळून! हाच प्रकार 'भर देणे', 'लग्न करणे', 'प्रवेश करणे' यांचा. 'वर', 'शी' आणि 'त' नामाच्या मागून येतात, आणि भाषांतर करताना आपण त्यांना इंग्रजी क्रियापदाला चिकटवतो: 'एम्फसाइझ ऑन', 'मॅरी विथ', 'एंटर इन द रूम'. तिन्ही चूक.

इंग्रजी नामं या चुकीला खतपाणी घालतात, कारण नामांना प्रिपोझिशन लागतंच: 'डिस्कशन अबाउट', 'एम्फसिस ऑन', 'इन्व्हेस्टिगेशन इनटू', 'रिझेम्ब्लन्स टू'. क्रियापद कोरडं: 'डिस्कस', 'एम्फसाइझ', 'इन्व्हेस्टिगेट', 'रिझेम्बल'. खरी गोची 'रिक्वेस्ट', 'डिमांड', 'ऑर्डर', 'लॅक' यांची, कारण नाम आणि क्रियापद एकाच रूपात असतात. तिथे आधीचा शब्द बघायचा. 'अ', 'द', 'अवर' असेल तर बहुधा नाम, प्रिपोझिशन राहू द्या: 'अ लॅक ऑफ डेटा'. कर्ता, 'टू' किंवा 'विल' असेल तर बहुधा क्रियापद, प्रिपोझिशन काढा: 'वुई लॅक डेटा'. 'वुई लॅक ऑफ डेटा' ही दोघांची खिचडी.

वाक्य अवघडतं तेही याच जोडकामानं. हे बघा: 'द कमिटी डिड अ डिस्कशन अबाउट द डिले अँड मेड अ रिक्वेस्ट फॉर द न्यू डेट.' 'डिड अ डिस्कशन' हे तर चालतच नाही. नाम ठेवायचंच असेल तर 'हॅड' किंवा 'हेल्ड'. पण ठेवायचं कशाला? दोन्ही नामांमधली क्रिया बाहेर काढा: 'द कमिटी डिस्कस्ड द डिले अँड रिक्वेस्टेड अ न्यू डेट.' 16 शब्दांचे 10 झाले. शेवटी 'द'चा 'अ' केलाय तो सहज नाही: तारीख अजून ठरलेली नाही, मग 'ती' नवी तारीख कुठली?

तपासनिसाच्या नजरेतून हमखास सुटते ती 'अँड'नं जोडलेल्या क्रियापदांची जागा: 'शी लिसन्ड अँड आन्सर्ड द क्वेश्चन्स.' 'आन्सर' कोरडं चालतं, 'लिसन'ला 'टू' लागतो, आणि एकच कर्म दोघांत वाटून दिल्यामुळे 'टू' हरवला. उपाय म्हणजे प्रत्येक क्रियापद एकेकटं कर्मासोबत वाचायचं. 'लिसन्ड द क्वेश्चन्स' खटकलं की वाक्य फोडायचं: 'शी लिसन्ड टू द क्वेश्चन्स अँड आन्सर्ड देम.'

हे वाचून दिसेल ते प्रिपोझिशन खोडत सुटाल तर नवीन घोळ. 'सर्च द रूम' म्हणजे खोलीची झडती, 'सर्च फॉर द की' म्हणजे किल्लीचा शोध. 'फॉर' खोडलात तर किल्लीचीच झडती होईल. 'अटेंड द मीटिंग' म्हणजे हजर राहणे, 'अटेंड टू द पेशंट' म्हणजे रुग्णाकडे बघणे. 'आन्सर टू द बोर्ड' म्हणजे मंडळाला जाब देणे, उत्तर देणे नव्हे. खोलीत शिरताना 'एंटर' एकटा, करार करताना 'एंटर इनटू'. 'वेट'ला 'फॉर' हवा, 'अवेट'ला नको.

राहिला 'कम्प्राइझ', म्हणजे 'घटकांनी मिळून बनलेलं असणे'. 'द कमिटी कम्प्रायझेस फाइव्ह मेंबर्स' याबद्दल वाद नाही: आधी समग्र, मग घटक. 'इज कम्प्राइज्ड ऑफ' काही कोशकार वापरात आहे म्हणून नोंदवतात आणि जुन्या शिस्तीचे संपादक लाल शाईनं खोडतात. या भांडणात आपल्या अहवालाचा बळी कशाला द्यायचा? 'कन्सिस्ट्स ऑफ' लिहा. त्याला 'ऑफ' लागतोच, आणि त्यावर कोणाचीही तक्रार नाही.