कार्यशाळा झाली, कल्पना मात्र सुचल्या नाहीत

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा कारखाना आहे. द्राक्षांच्या हंगामात मशीनला उसंत नसते, पण पावसाळ्यापासून निम्मे काम थंडावते. धंदा वाढवण्याच्या कल्पना मिळाव्यात म्हणून सर्व खात्यांतील माणसांना हॉटेलात नेऊन दिवसभराची कार्यशाळा घेतली. वडील अध्यक्षस्थानी होते. दोघे-तिघे बोलले, बाकीच्यांनी माना डोलावल्या. आता सल्लागार नेमून पुन्हा प्रयत्न करावा का?
– एक उद्योजक, नाशिक

उत्तर : तूर्त सल्लागाराचा खर्च टाळावा. आपली माणसे कल्पनाशून्य नाहीत. त्यांना ज्या पद्धतीने बसवले, त्या पद्धतीतच अडचण आहे.

सामूहिक विचारमंथनाची ही रीत अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी रूढ केली. टीका करू नये, अचाट कल्पनांनाही वाव द्यावा, संख्या वाढवावी आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी, हे त्यांचे चार नियम आजही भिंतीवर चिकटवले जातात. परंतु 1958 साली येल विद्यापीठातील प्रयोगात असे आढळले, की चौघांनी एकत्र बसून जितक्या कल्पना दिल्या, त्याच्या सुमारे दुप्पट कल्पना स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर मिळाल्या. एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते, तेवढ्यात सुचलेले निसटते, आणि समोर मालक असतील तर उरलेलेही ओठांवर येत नाही.

म्हणून आधी लिहून घ्यावे आणि मग बोलावे. सहा जणांनी प्रत्येकी तीन कल्पना पाच मिनिटांत कागदावर लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि त्याने त्या वाचून आपल्या तीन जोडायच्या, अशी एक जर्मन पद्धत आहे. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, 108 नोंदी होतात. त्यांतील बऱ्याच टाकाऊ असतील, त्याची खंत करू नये. स्टिचिंगवरच्या कामगाराला लिहिण्याचा संकोच असेल, तर त्याच्या विश्वासातल्या सहकाऱ्याने लिहून द्यावे. त्याला वगळू नका, कारण कोणते खोके थप्पीत तळाशी दबते हे त्याला आपल्याहून चांगले ठाऊक असते. टेम्पोचालकालाही बोलवावे, माल उतरवताना गिऱ्हाइकाची कुरकुर प्रथम त्याच्याच कानांवर पडते.

चिठ्ठ्यांवर नाव नसले तरी छोट्या कारखान्यात हस्ताक्षर ओळखू येते, त्यामुळे सगळ्या नोंदी एकानेच फळ्यावर उतरवाव्यात. वडिलांनी लिहिण्याच्या वेळी खोलीत नसावे आणि चर्चेत सर्वांत शेवटी बोलावे. हे त्यांना पटवणे हाच या कामातला अवघड भाग आहे, आणि तो आपल्यालाच करावा लागेल.

याहून मोठी चूक प्रश्नात झाली असावी. ‘धंदा कसा वाढवावा?’ असे विचारले, की ‘जाहिरात करा’, ‘दर्जा सुधारा’ अशीच उत्तरे येतात. त्याऐवजी ‘जून ते डिसेंबर या काळात, नवे मशीन न घेता, टेम्पो एका दिवसात जाऊन परत येईल इतक्या अंतरावरच्या कोणत्या गिऱ्हाइकाला आपण काय बनवून देऊ शकतो?’ असे विचारून पाहा. मग डाळिंबाचा व्यापारी, दिवाळीच्या मिठाईचे दुकान, वसाहतीतल्याच एखाद्या कारखान्यासाठी सुट्या भागांची खोकी, अशी नेमकी नावे पुढे येऊ लागतात. हॉटेलाचीही गरज नाही. शिफ्ट संपण्यापूर्वीचे दोन तास पगारी धरून कारखान्यातच बसावे.

निवड त्याच दिवशी करू नये. दोन दिवसांनी प्रत्येकाला तीन मते द्यावीत आणि सर्वाधिक मतांच्या दोनच कल्पना घ्याव्यात. प्रत्येकीसाठी एक जबाबदार माणूस, खर्चाची मर्यादा आणि तारीख ठरवावी. नमुन्याची पंचवीस खोकी गिऱ्हाइकाच्या हाती देईपर्यंत मोठी ऑर्डर गृहीत धरू नये. ज्या कल्पना मागे पडल्या, त्या का पडल्या हेही फलकावर लिहावे, नाहीतर पुढच्या वेळी कागद कोरेच परत येतील.