चाळीस फायलींची एक फाइल

या वेळच्या टपालात बरीच पत्रं एकाच कामाबद्दलची निघाली: पुष्कळ फायली आहेत, त्या एका कमांडने जोडून एक करायच्या आहेत, आणि काहीतरी बिनसलं आहे. म्हणून हा हप्ता त्यांनाच दिला. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. पडद्यावर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायच्या. फायलींची नावं मात्र खुशाल मराठीत ठेवा, चालतात.

प्रश्न : चाळीस प्रकरणं मी नोटपॅडच्या चाळीस फायलींत टाइप केली. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'कॉपी *.टीएक्सटी' लिहून पुढे नव्या फाइलचं नाव दिलं. फाइल तयार झाली, पण एकही प्रकरण पुरतं आलेलं नाही. पहिलं 'त्या' या शब्दावर संपतं, पुढचं 'आम'वर, त्यापुढचं 'वि'वर. शिवाय पहिल्या प्रकरणाला लागून दहावं आलं आहे. मूळ फायली शाबूत आहेत. हेच काम मैत्रिणीच्या संगणकावर नीट झालं होतं.

मूळ फायली शाबूत आहेत हे वाक्य आधी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. असो. आता त्या उघडा आणि 'त्या'च्या पुढे कोणतं अक्षर आहे ते पाहा. 'त्याचा' असेल. 'आम'च्या जागी 'आमची' किंवा 'आमच्या', आणि 'वि'च्या जागी बहुधा 'विचार'. पैज लावून सांगतो, चाळीसही ठिकाणी मजकूर 'च'ला अडखळला आहे.

मी छपाईसाठी मजकूर जुळवण्याचं काम करतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. 'कॉपी' ही कमांड फायली जोडायला लागली की, तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर, त्या मजकुराच्या आहेत असं धरून चालते. मजकुराच्या फाइलमध्ये २६ या किमतीचा बाइट (बाइट म्हणजे फाइलमधला एकेक आकडा, ० ते २५५) आला की फाइल तिथे संपली असं मानायचं, हा तिचा नियम. हा नियम सीपी/एम नावाच्या १९७०च्या दशकातल्या प्रणालीपासून चालत आला आहे. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजली जाई. शेवटच्या ठोकळ्यात खरा मजकूर कुठे थांबला हे कळायला काहीतरी खूण हवी, ती खूण म्हणजे २६. सीपी/एमकडून ती डॉसने घेतली, डॉसकडून विंडोजने. आज फाइलची नेमकी लांबी प्रणालीला ठाऊक असते, खुणेची गरज उरलेली नाही. तरी 'कॉपी' तिला मान देते.

आता तुमच्या फायली. नोटपॅडमध्ये साठवताना तुम्ही एन्कोडिंगच्या (म्हणजे अक्षरं आकड्यांत लिहिण्याच्या पद्धतींच्या) यादीतून 'युनिकोड' निवडलं असणार. त्या नावाखाली जुनं नोटपॅड यूटीएफ-१६ लिहायचं (नव्यात तोच पर्याय 'यूटीएफ-१६ एलई' असा दिसतो), म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन बाइट. देवनागरी अक्षरांत त्यातला दुसरा बाइट नेहमी ९ असतो आणि पहिला अक्षरागणिक बदलतो. क म्हणजे २१, ख २२, ग २३, घ २४, ङ २५. पुढचं तुम्हीच मोजा. 'च' आला की 'कॉपी'ला २६ दिसतो, ती वही मिटते आणि पुढच्या फाइलकडे वळते. कुठेही तक्रार नाही, उलट '१ फाइल कॉपी झाली' असं वर सांगते. आणि 'च'शिवाय मराठीचं पान काय, दोन ओळीसुद्धा निघायच्या नाहीत.

मैत्रिणीच्या फायली यूटीएफ-८ मध्ये असतील. त्यात देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, २६ यायचा प्रश्नच नाही. तिलाही जोडलेल्या फाइलच्या अगदी शेवटी एखादी चौकट किंवा बाण दिसला असेल, विचारून पाहा. ती 'कॉपी'ने स्वतःहून चिकटवलेली २६ची खूण.

उपाय दोन अक्षरांचा आहे. 'कॉपी'च्या लगेच पुढे /बी लिहा. मग ती आत काय आहे ते न बघता बाइटला बाइट जोडते:

कॉपी /बी प्रकरण०१.टीएक्सटी+प्रकरण०२.टीएक्सटी पूर्ण.टीएक्सटी

माझ्या मते जोडताना /बी नेहमीच लिहावं, मजकूर असो वा नसो. न लिहिण्याचा फायदा होईल असा प्रसंग आजकाल मला तरी सुचत नाही.

क्रमाचं दुखणं निराळं. विंडोजच्या खिडकीत तुम्हाला १, २, ३ … १० असा क्रम दिसतो, कारण ती खिडकी आकड्यांना आकडे म्हणून वाचते. कमांडपुढे फक्त अक्षरं असतात, आणि अक्षरांच्या हिशेबात १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ पार मागे राहतो. म्हणून ०१, ०२ अशी नावं द्या. आणखी एक. फायली पेनड्राइव्हवर असतील तर तारांकनाच्या (*) भरवशावर राहू नका. पेनड्राइव्ह बहुधा फायली साठवण्याच्या फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो, आणि तिथे फायली नावांच्या क्रमाने नाही तर फोल्डरच्या यादीत जशा नोंदल्या गेल्या तशा पुढे येतात. आधी त्या संगणकाच्या डिस्कवर घ्या.

जोडलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये त्याच शेपटीच्या नावाने ठेवू नका. दुसऱ्यांदा कमांड दिलीत की *.टीएक्सटी मध्ये तीसुद्धा मोडते. सरळ शेजारच्या फोल्डरचा पत्ता द्यावा.

आणि जोडण्याआधी चाळीसही फायलींचं एन्कोडिंग एकच आहे ना, हे तपासा. अलीकडच्या नोटपॅडमध्ये खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात ते लिहिलेलं असतं. /बी काहीच बदलत नाही, त्यामुळे पस्तीस फायली यूटीएफ-८ आणि पाच यूटीएफ-१६ असल्या तर त्या तशाच एकापुढे एक बसतात. उघडणारा प्रोग्राम मात्र सगळ्या फाइलला एकच एन्कोडिंग लावतो आणि त्या पाच प्रकरणांचा चिवडा होतो. मी असतो तर आधी सगळ्या यूटीएफ-८ मध्ये, बीओएम नसलेल्या पर्यायात साठवून घेतल्या असत्या. बीओएम ही फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण. जोडल्यावर ती प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी अडकून राहते, दिसत नाही, आणि 'ओळीच्या सुरुवातीला प्रकरण' असा शोध घेतला की त्या ओळी सापडत नाहीत.

प्रश्न : लिनक्सवर 'कॅट यादी१ यादी२ > यादी१' अशी कमांड दिली. दुसरी यादी पहिलीच्या खाली यावी एवढंच हवं होतं. आता यादी१ मध्ये फक्त यादी२ आहे. 'कॅट'ने पहिली वाचलीच नाही का?

वाचली, पण तोवर ती रिकामी होती. '>' या चिन्हाचं काम 'कॅट' करत नाही, शेल (तुम्ही टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) करतं. आणि शेल 'कॅट'ला हाक मारण्याच्या आधीच उजवीकडची फाइल कोरी करून ठेवतं. नाव तेच असल्यामुळे 'कॅट'च्या हाती कोरी फाइल आली. तुम्हाला हवं होतं ते असं: 'कॅट यादी२ >> यादी१'. दोन बाण म्हणजे आहे त्याच्या खाली जोडा.

दोन बाणांच्या जागी एक पडणं ही घटकाभराची गोष्ट आहे. बॅश हे शेल वापरत असाल तर 'सेट -ओ नोक्लॉबर' ही ओळ तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घालून ठेवा. मग एकेरी बाण आधीपासून असलेल्या फाइलवर लिहायला नकार देतो. खरंच लिहायचं असेल तेव्हा '>|' लिहावं लागतं, तेवढा विचार करायला वेळ मिळतो. गेलेली यादी१ बॅकअपमध्ये असेल तरच मिळेल.

प्रश्न : बारा महिन्यांच्या बारा सीएसव्ही फायली 'कॅट'ने जोडल्या. शीर्षकाची ओळ बारा वेळा आली, ती हाताने काढली. पण काही ठिकाणी एका महिन्याची शेवटची नोंद आणि पुढच्या महिन्याचं शीर्षक एकाच ओळीत गेलं आहे.

ज्या फायलींच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नाही, तिथे असं होतं. 'कॅट' आपल्या पदरचं काही घालत नाही, एंटरसुद्धा नाही. इथे ती कमांडच चुकीची निवडली, असं म्हणेन. ओळींचं काम असेल तर 'ऑक' घ्या:

ऑक 'एनआर==१ || एफएनआर>१' *.सीएसव्ही > ../वर्ष.सीएसव्ही

एनआर म्हणजे सगळ्या फायली मिळून आतापर्यंतची कितवी ओळ, एफएनआर म्हणजे चालू फाइलमधली कितवी. कमांडचा अर्थ इतकाच: अगदी पहिली ओळ ठेव, आणि नंतर प्रत्येक फाइलमधल्या पहिल्या ओळीखेरीज सगळ्या ठेव. 'ऑक' प्रत्येक ओळ लिहून झाल्यावर एंटर स्वतः देते, त्यामुळे चिकटलेल्या ओळींचा प्रश्नही त्यातच सुटतो. शीर्षकं नसलेल्या साध्या मजकुराच्या फायली असतील तर 'ऑक १' एवढंच लिहून पुढे नावं द्या, काम तेच.

हे गृहीत धरून की बाराही फायलींत रकाने त्याच क्रमाने आहेत. कुणीतरी मार्चपासून एक रकाना मध्ये घुसवलेला असतोच. बारा शीर्षकं आधी 'हेड -क्यू -एन १ *.सीएसव्ही' ने एकाखाली एक काढून डोळ्यांनी पाहून घ्या. कोणतीही कमांड हे तुमच्यासाठी पाहणार नाही.

प्रश्न : मोबाइलवर घेतलेल्या एमपी४ चित्रफिती /बी लावून जोडल्या. फाइलचा आकार दोन्हींच्या बेरजेइतका आला, पण पहिलीच दिसते. दोन पीडीएफ तशाच जोडल्या, तर उलट दुसरीच उघडते. यात काही संगती आहे का?

आहे, आणि प्रश्न आवडला. एमपी४ मध्ये 'मूव्ह' नावाचा एक कप्पा असतो. कोणतं चित्र फाइलच्या कितव्या बाइटपाशी आहे याचा तक्ता त्यात असतो. प्लेअरला पहिला तक्ता मिळाला की तो त्याबरहुकूम चालतो, आणि त्या तक्त्यात दुसऱ्या चित्रफितीची नोंद नाही. ती फाइलमध्ये आहे, आकारात मोजली जाते, पण तिचा पत्ता कुणाकडे नाही. पीडीएफ वाचणारा प्रोग्राम शेवटाकडून सुरू करतो, कारण पीडीएफचा तक्ता कुठे आहे ते शेवटी लिहिलेलं असतं. म्हणून तिथे दुसरी दिसली. काही प्रोग्राम तर फाइल बिघडली आहे असंच म्हणतील, कारण आतले पत्ते सुरुवातीपासून मोजलेले असतात आणि पहिली पीडीएफ आधी येऊन बसल्यामुळे दुसरीतले ते सगळे सरकले.

(याच गुणाची एक गंमत. जेपीईजी चित्र सुरुवातीपासून वाचलं जातं आणि झिप फाइल शेवटाकडून. चित्रापुढे झिप /बी लावून जोडली तर एकच फाइल चित्र म्हणून उघडते आणि बहुतेक झिप प्रोग्रामांत झिप म्हणूनही. लपवाछपवीला फार उपयोगी समजू नका, आकार पाहणाऱ्याला शंका येतेच.)

चित्रफितींसाठी 'एफएफएमपेग' वापरा. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर 'फाइल' हा शब्द आणि पुढे एकेरी अवतरणांत चित्रफितीचं नाव, अशी यादी करा. मग:

एफएफएमपेग -एफ कॉन्कॅट -सेफ ० -आय यादी.टीएक्सटी -सी कॉपी पूर्ण.एमपी४

'-सी कॉपी'मुळे चित्र पुन्हा घडवलं जात नाही, दर्जा घसरत नाही आणि काम झटपट होतं. अट अशी की सगळ्या फिती एकाच कोडेकच्या (म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीच्या), एकाच मापाच्या हव्यात. एक आडवी आणि एक उभी घेतली असेल तर हे चालणार नाही, तिथे पुन्हा एन्कोड करण्यावाचून गत्यंतर नाही.

पीडीएफसाठी लिनक्सवर 'पीडीएफयुनाइट' सोपी आहे: आधी जोडायच्या फायली, शेवटी नव्या फाइलचं नाव. ते शेवटचं नाव विसरलात तर तुमची शेवटची मूळ फाइलच नवी फाइल समजून तिच्यावर लिहिलं जातं, एवढं सांभाळा.

प्रश्न : एका मोठ्या फाइलचे .००१, .००२, .००३ असे तुकडे मिळाले आहेत. जोडायला खास सॉफ्टवेअर हवं का?

बहुतेक वेळा नको. फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून लोक असे तुकडे करतात. ते सरळ कापलेले असतील तर विंडोजवर 'कॉपी /बी' आणि लिनक्सवर 'कॅट' पुरेशी आहे. जोडण्याआधी तुकड्यांचे आकार पाहा: शेवटचा सोडून बाकी सगळे नेमके सारखे हवेत, बाइटपर्यंत. एखादा मधलाच लहान असेल तर तो अर्धवट उतरला आहे, तो पुन्हा मागवा. पाठवणाऱ्याकडून मूळ फाइलचा एसएचए२५६ (आतल्या बाइटांवरून काढलेला फाइलचा ठसा) घ्या आणि जोडून झाल्यावर विंडोजवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', पुढे फाइलचं नाव आणि 'एसएचए२५६' असं लिहून ताडून पाहा. लिनक्सवर 'एसएचए२५६सम' आहे. दोन्हीकडची अक्षरं जुळेपर्यंत तुकडे पुसू नका.