तिसऱ्या मरत नाहीत, मग प्लास्टिक त्यांचं करतं काय?

तुम्ही विचारलंय की गोव्याच्या मांडवी नदीतल्या तिसऱ्यांत (चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांत) प्लास्टिक आहे तर त्या जिवंत कशा, आणि आपण खायच्या की नाही.

प्लास्टिक आहे, हे खरं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना मांडवी-जुवारीच्या मासळीत आणि साळ नदीच्या शिंपल्यांतही ते मिळालंय, आणि त्यात धागेच जास्त. पण प्लास्टिकचा हा बारीक कण सहसा जीव घेत नाही, तो पुढच्या पिढीच्या वाट्याचं खातो. तिसऱ्या, शिनाण्या (खडकाला चिकटणारे काळे शिंपले), कालवं पाणी गाळून जगतात. शेवाळाबरोबर कणही आत जातो, पोटात जागा अडवतो, पण त्याने अंग पोसत नाही, मग अंडी-बीज करायला ताकद कमी पडते. फ्रान्समध्ये कालवांना दोन महिने पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोल ज्याचं करतात त्या प्लास्टिकच्या) कणांत ठेवलं, त्याचे निकाल २०१६ साली आले: अंडी ३८ टक्क्यांनी कमी, शुक्राणूंचा वेग २३ टक्क्यांनी कमी. (अशा प्रयोगांत मात्रा बहुतेकदा नदीतल्यापेक्षा जास्त असते, हे लक्षात ठेवा.) त्याआधी २००८ मध्ये शिनाण्यांच्या एका परदेशी जातभाईच्या पोटातले कण रक्तात उतरून ४८ दिवस तिथेच राहिलेले दिसले होते.

धागे येतात कुठून? कपडे धुतल्यावर, आणि जाळ्यांतून. जाळ्याचं नायलॉन पाण्यापेक्षा जड, सरळ तळाला जातं. दोरखंडाचं पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पण बुळबुळीत थर आणि शंखशिंपले चढले की तेही बसतं. म्हणजे नेमकं तिसऱ्यांच्या चिखलात. मी एकदा रात्रभर भिजवलेल्या तिसऱ्यांच्या पाण्याचा गाळ भिंगाखाली पाहिला, तर निळा धागा. तापवलेली सुई टेकवली, तो आकसून गोळा झाला. कापूस असता तर जळला असता.

गोड्या पाण्यात मात्र मरणही येतं, आणि ते टायरच्या भुकटीतून; तीही बारीक प्लास्टिकमध्येच मोजतात. अमेरिकेच्या वायव्येकडच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सालमन जातीचे मासे मरायचे. २०२० साली कारण सापडलं: टायर टिकावा म्हणून रबरात घालतात त्या रसायनावर ओझोनची क्रिया होऊन तयार होणारं विष. आपल्या रस्त्यांवरची टायरची भुकटीही पहिल्या पावसात ओहोळातच जाते.

आता खाण्याचं. बांगड्याचं पोट आपण काढून टाकतो, त्याबरोबर बरेच कण जातात. तिसऱ्या, मोतयाळी (बारीक मासे), सुकी सुंगटं (कोळंबी) मात्र सबंध खातो. मी तिसऱ्या सोडलेल्या नाहीत. स्वच्छ खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवते, सकाळी पाणी बदलते. रेतीबरोबर थोडं प्लास्टिकही सुटतं, सगळं नाही. खरं सांगायचं तर नदीच्या तोंडाशी येणाऱ्या सांडपाण्याची मला धाग्यापेक्षा जास्त धास्ती वाटते. म्हणून नाल्याजवळच्या घेत नाही, आणि शिजवल्यावर न उघडलेली तिसरी फेकून देते.