चौदा वर्षांची नोकरी नव्या मॅनेजरमुळे नकोशी झाली आहे. सोडावी की सहन करावी?

सोडा. पण आधी दुसरीकडची ऑर्डर हातात घ्या, मग सोडा.

तुम्ही लिहिलंय, "काम तेच, पगार तोच, फक्त साहेब बदलला, तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. मीच हळवा झालोय का?" हे वाचलं आणि लिहायला बसलो. कारण हळवेपणाचा आरोप मीही घरच्यांकडून ऐकलाय.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. हेल्पर म्हणून लागलो आणि तिथेच वाढलो. जुने साहेब तोंडाने फटकळ होते, शिव्याही द्यायचे. पण लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद पडला की आधी विचारायचे, "तुला काय वाटतं?" ते रिटायर झाले आणि बाहेरून एक मॅनेजर आले. आवाज कधी चढवायचे नाहीत, सगळ्यांना 'जी' लावून बोलायचे. आल्या आल्या त्यांनी विजेचं बिल कमी करायला घेतलं आणि ऐन एप्रिलमध्ये शेडमधले ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारी यंत्रं, दुपारचे बंद ठेवायला लावले.

ज्यांनी मागावर काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सोलापूरचा एप्रिल म्हणजे बेचाळीस डिग्री आणि हवा कोरडी ठक्क. सुती धाग्याची ताकद ओलाव्यात असते. लूमच्या शेडमध्ये ७५-८० टक्के आर्द्रता लागते, ती उतरली की सूत तटातट तुटतं. टेरीला, म्हणजे टॉवेलच्या कापडाला, उभ्या धाग्यांचे दोन बीम (रूळ) असतात, एक ग्राउंडचा म्हणजे खालच्या कापडाचा, एक लूपचा म्हणजे वरच्या फुगीर फाशांचा. लूपचा धागा तुटून तसाच पुढे गेला की टॉवेलवर उभी रेघ पडते आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात, जातो. तुटला की लूम थांबवा, गाठ मारा, पुन्हा चालू करा. विणकरांची मजुरी पीसवर, जेवढे नग तेवढे पैसे. लूम थांबला की मजुरी थांबली.

मी तोंडी सांगितलं, मग लिहून दिलं. उत्तर आलं, "डेटा दाखवा." धागे तुटल्याचं रजिस्टर दाखवलं, तर म्हणाले की हा ऑपरेटरचा निष्काळजीपणा आहे, नावानिशी मेमो काढा. पहिला मेमो ज्यांच्या नावाचा निघाला ते आमच्या शेडमधले सगळ्यात जुने विणकर. घरात तेलुगू बोलणारे, मागावरच केस पांढरे झालेले. मेमो हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "सायेब, हवा कोरडी हाय की ओ, सूत काय करंल?" खाली सही माझी होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथं आहे. शिव्या, जादा काम, रजा नाकारणं हे माणूस पचवतो. पण जे आपल्याला डोळे झाकून कळतं ते रोज परवानगी मागून सिद्ध करायचं, आणि चुकीचं ठरलं की सही आपली, हे पचत नाही. अक्कलकोट रोडला गाडी वळली की माझ्या पोटात गोळा यायचा. ज्या शेडच्या आवाजात मला झोप लागली असती, तिथं मी घड्याळ बघायला लागलो.

पैशांचं थोडक्यात. सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचा मूळ पगार अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. म्हणजे २६ हजार धरले तर चौदा वर्षांचे २ लाख १० हजार. तीस दिवसांत द्यावी लागते. पीएफ काढू नका, नवीन ठिकाणी ट्रान्स्फर करा. पीएफच्या पेन्शनला लागणारी दहा वर्षं तुमची झालीच असतील. राजीनाम्याआधी पगाराच्या स्लिपा आणि लिहून दिलेल्या तक्रारींच्या प्रती घरी आणून ठेवा.

घराचा हप्ता असेल, मुलांच्या फिया असतील तर माझं ऐकून उडी मारू नका. माझं घर स्वतःचं होतं आणि बायकोचं शिवणकाम बरं चाललं होतं. शिवाय मोठी कंपनी असेल तर आधी कामाचा विभाग बदलून मागा, आमच्याकडे ती सोय नव्हती.

आता मेव्हण्याचं. तो बँकेत आहे. मी सोडायचं म्हटल्यावर म्हणाला, "दाजी, पगार वेळेवर होतोय ना? साहेब काय, आज आहे उद्या नाही. तुम्ही टिकायचं." बँकेत दर तीन वर्षांनी बदली होते, साहेबाची नाहीतर याची. याला एका साहेबाखाली म्हातारं होणं काय माहीत? मी लहान युनिटला गेलो, पगार कमी झाला, तो आकडा हा दर दिवाळीला काढतो. वर्षभरात ते मॅनेजरही गेले, तेव्हा तर फोन करून म्हणाला, "बघा, थांबला असता तर!" पण तोवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, सोडून गेला होता, चांगले विणकर शेजारच्या शेडमध्ये लागले होते आणि मेमोवाले अण्णा गावी निघून गेले होते. मी थांबून कोणाबरोबर काम करणार होतो, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.