आईचं अंग बाहेर येतं, पिशवी काढल्याशिवाय इलाजच नाही का?

आहे ना, का नाही! तुमच्या 63 वर्षांच्या आईला नुसतं 'पिशवी (गर्भाशय) काढा' सांगून पाठवलं हे वाचून डोकंच फिरलं माझं, आमच्याकडे सेम झालं होतं.

माझ्या सासूबाईंनी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात जन्मभर पाण्याचे गुंड वर चढवले, चार बाळंतपणं, त्यात दम्याचा खोकला. खाली गोळा येतो म्हणून मांडी घालून बसणं सोडलं, लग्नाकार्याला जाणं सोडलं, पण बोलल्या कोणालाच नाही, मला कळलं तेव्हाही "कोनाले सांगू नको वो". पहिल्या दवाखान्यात लगेच ऑपरेशनची तारीख. दम्यात भुलीची भीती म्हणून मी धंतोलीत दुसऱ्या डॉक्टर बाईंना दाखवलं, त्यांनी मापाची सिलिकॉनची रिंग (पेसरी) आत बसवली, खोकायला लावलं, चालवलं, लघवी करून यायला सांगितलं, रिंग जागेवर राहिली तेव्हाच घरी सोडलं. आता दर काही महिन्यांनी काढून, धुऊन, आत तपासून परत बसवतात, सोबत इस्ट्रोजेनची क्रीम. सासूबाई परत भजनाला जायला लागल्या.

नणंदेचं मात्र आजही तेच, "रबर कोंबून ठेवलं आईला, पिशवी काढली असती तर कटकट संपली असती." नाही संपत हो ताई! पिशवी काढल्याने सैल पडलेले स्नायू घट्ट होत नाहीत, वरचं टोक नीट बांधलं नाही तर योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. मूत्राशय किंवा गुदाशयाची बाजू उतरली असेल तर तिची दुरुस्ती वेगळीच करावी लागते. पिशवी ठेवूनही वर बांधता येते, मुंबईच्या डॉ. शिरोडकरांनी त्यासाठी स्लिंगचं (पट्टीने पिशवी वर टांगायचं) ऑपरेशन काढलं होतं. योनीतून जाळी बसवायची म्हटलं तर मात्र दहादा विचारा, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2019 मध्ये प्रोलॅप्ससाठीच्या (म्हणजे अंग बाहेर येण्यासाठीच्या) त्या जाळ्यांची विक्री बंद करायला लावली.

पहिली-दुसरी स्टेज (म्हणजे अंग थोडंच उतरलेलं) असेल तर कीगल व्यायाम (योनीभोवतीचे स्नायू आवळून सोडायचे), दिवसातून तीनदा, निदान चार महिने, फिजिओकडून शिकून. पूर्ण बाहेर आलेलं व्यायामाने वर जात नाही. बद्धकोष्ठ आणि खोकल्याचा इलाज आधी करा, नाहीतर सगळं वाया.

रिंग सगळ्यांना टिकत नाही हेही खरं, कोणाला स्राव होतो, आत घासून जखम होते, सारखी निसटत असेल तर ऑपरेशनच बरं. लघवी अडली किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. नागपुरातलं मेडिकल, मेयो, डागा, कोणत्याही सरकारी दवाखान्यात जा, पण नेमकं काय उतरलंय, कोणती स्टेज, रिंग बसेल का, एवढं विचाराच, आणि उत्तर द्यायला वेळ नसेल तर डॉक्टर बदला.