मला पोचू दे

प्रिय मनू,

रविवारी आजीशी बोलून झाल्यावर तू म्हणालीस, "आई, मी मराठीत इतकी स्टम्बल करते, मग बोलायचं कशाला? आणि स्टम्बलला मराठीत शब्द तरी आहे का?" मी 'अडखळणं' एवढंच सांगून उठले. तुझा पहिला प्रश्न मला लागला होता. तोंडी उत्तर जमेना, म्हणून लिहितेय.

शब्द आहे, आणि तो दोन्ही कामं करतो. पाय अडखळतो, तशी जीभही. इंग्रजीत तर हे नातं आणखी जवळचं. 'स्टम्बल' तिथे साधारण १३०० सालापासून सापडतो, बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला, आणि त्याचं नि 'स्टॅमर'चं, म्हणजे चाचरण्याचं, मूळ एकच असावं असं मानतात.

ठेचेची गोष्ट मात्र वेगळी. 'आय स्टम्बल्ड' म्हटलं की करणारी मीच. मराठीत मला ठेच लागते, भूक लागावी तशी. चूक कुणाची, हे ते वाक्य विचारतच नाही. आणि 'स्टम्बल अपॉन', ध्यानीमनी नसताना काहीतरी सापडणं? तिथे आपण अडखळत नाही, पण ती वस्तू आपल्या 'हाती लागते'. पुन्हा तेच लागणं! इतकी वर्षं मराठी बोलतेय, पण हे तुझ्या प्रश्नामुळे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

आबांना तू फक्त फोटोत पाहिलंयस. ते चाचरत बोलायचे, हे तुला मी कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कोण जाणे. 'क' आला की अडायचे. मान किंचित खाली, ओठ उघडे, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, आणि शब्द काही येत नसे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ते 'क...' म्हणाले की मी भराभर सुचवायची: कात्री? कपाट? काल? मला वाटायचं, मी मदत करतेय. चारचौघांत तर जास्तच घाई करायची. आता वाटतं, अवघडलेपण त्यांचं नव्हतं, माझं होतं.

एकदा बेबीआत्या आली होती. आबा तिला काहीतरी सांगता सांगता अडले आणि माझी नेहमीची यादी सुरू झाली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "थांब. मला पोचू दे." मग हवा तेवढा वेळ घेतला. शब्द निघाला तो 'कौतुक'. माझ्याचबद्दल सांगत होते आत्याला. तो मला सुचलाच नव्हता.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. रविवारी तू आजीला "मला... मला..." म्हणत थांबलीस आणि मी मागून "आठवण येते" म्हणून मोकळी झाले. तू मान हलवलीस आणि फोन माझ्या हातात दिलास. तुला तेच म्हणायचं होतं का, हे मी विचारलंही नाही.

मराठीत बोललंच पाहिजेस, असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतं, हे खरं. पण तो हट्ट तुझ्यासाठी की माझ्यासाठी, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. तू अडखळत बोललेलं आजी फोन कानाला घट्ट लावून ऐकते, एवढं मात्र मला ठाऊक आहे. मी बोलते तेव्हा ती मधेमधे बोलते. तुझ्या वेळी नाही.

येत्या रविवारी मी दुसऱ्या खोलीत बसेन. बोलायचं नसेल तर तेही चालेल. आणि त्या 'मला'च्या पुढे काय होतं, ते सांगावंसं वाटलं तर सांग. कुठल्याही भाषेत.

तुझी,
आई